आधी खेळ, मग पाठ : एका नव्या शिक्षकास पत्र

प्रिय शिक्षकमित्र,
सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेले टाचण वाचले. पाचवी-सहावीच्या मुलांना लंगडी घालत पाढे म्हणायला लावायचे आणि चुकेल त्याला एक फेरी वाढवायची, ही कल्पना उत्साहाची असली तरी मला पटली नाही. लंगडी घालणाऱ्या मुलाचा सगळा जीव तोल सांभाळण्यात आणि पुढचा गडी गाठण्यात असतो. त्यात पाढा घुसडला की लंगडीही बिघडते आणि पाढाही, शिवाय वाढीव फेरी म्हणजे शिक्षाच. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्रीडा-समन्वित अध्यापनाचा, म्हणजे खेळांतून विषय शिकवण्याचा, पुरस्कार केला खरा, परंतु त्या नावाखाली खेळ नुसता तोंडी लावण्यापुरता घेणे सोपे असते. माझे म्हणणे असे की खेळ पुरता खेळू द्यावा आणि त्याच्या तयारीत, नियमांत व निकालात जे आधीच दडलेले आहे तेच वर्गात उलगडावे.

खो-खोचेच पाहा. प्रमाणित मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते. आपल्या शाळेच्या अंगणात ते मावणार नाही, म्हणून निम्म्या प्रमाणात, म्हणजे 13.5 गुणिले 8 मीटर, आखायचे. ही आखणी आपण करू नका, मुलांना करू द्या. बारा मीटर सुतळीची दोन टोके बांधून तिच्यावर गाठीपासून तिसऱ्या आणि सातव्या मीटरवर खूण करावी, आणि तीन मुलांनी गाठ व दोन खुणा धरून सुतळी ताणली, की तिसऱ्या मीटरच्या खुणेशी काटकोन मिळतो. पाया आखताना गवंडीही असाच काटकोन साधतात, तेव्हा वर्गात एखाद्या गवंड्याचे मूल असेल तर पहिला मान त्याला द्यावा. चारही कोपरे ठरल्यावर फक्की टाकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायला लावा. ते प्रत्येकी सुमारे 15 मीटर 69 सेंटीमीटर भरले पाहिजेत. एक लांब आणि दुसरा आखूड आला तर मैदान तिरके झाले, आणि ते कुठे तिरके झाले यावर मुले जी हुज्जत घालतात ती भूमितीच असते. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर येईल तेव्हा त्यांना तो ओळखीचा वाटेल.

खेळ सुरू झाल्यावर मात्र मध्ये बोलू नये. प्रश्न नंतर विचारावेत, आणि ते खेळातलेच असावेत: पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि पळणाऱ्याला येते, मग बसलेले आठ गडी एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून का बसवले असतील? हा प्रश्न टाकून वर्गाला वहीत आकृती काढू द्या. उत्तर सांगण्याची घाई करू नका.

विज्ञानासाठी लंगडी उत्तम आहे. डाव सुरू होण्यापूर्वी, संपताच आणि त्यानंतर दर दोन मिनिटांनी मुलांनी मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी व आलेख काढावा. प्रत्येकाचा आलेख वेगळा येतो, आणि तो का, हे विचारायला मुले स्वतःच पुढे येतात. (आधी पाणी पिऊ द्यावे, धापा टाकणाऱ्या मुलाकडून आकडेमोड करून घेणे हा जुलूम आहे.) लगोरीतली मोठी चीप तळाशी का ठेवतात, हे पाच मिनिटांचे काम आहे, त्यावर तासिका खर्च करू नये.

भाषेचा पाठ भांडणातून काढावा. गडी बाद होता की नव्हता, यावर दोन्ही बाजूंनी आपापली हकिकत दहा ओळींत लिहून पंचांकडे द्यायची, हा निबंधापेक्षा कसाला लावणारा लेखनाभ्यास आहे, कारण येथे शब्द ढिला पडला की दावा हातचा जातो. इतिहासासाठी 1936चे बर्लिन ऑलिंपिक आहे, जेथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते; आणि जानेवारी 2025मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषकही आहे, ज्यात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवले. नकाशावर अमरावती ते बर्लिन हा मार्ग त्या काळी बोटीने कसा गेला असता, हे मुलांनाच शोधू द्यावे.

ज्या मुलाला धावता येत नाही किंवा धावायचे नसते, त्याला गुणलेखक नेमून मोकळे होऊ नका. लंगडीच्या तोलाला किंवा खो-खोच्या वेगाला बसून खेळण्याचे पर्याय असतात. सागरगोट्यांत हात, डोळा आणि मोजणी सगळेच लागते, आणि त्यात तरबेज असलेल्या मुलीसमोर धावपटूही नमतात.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही आपली शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या सत्रात एकच खेळ निवडा, आठवड्याला एकच तासिका घ्या, आणि त्या तासिकेतून कोणता घटक झाला हे त्याच दिवशी टाचणवहीत नोंदवा. मुख्याध्यापकांनी विचारले तर तोंडी समर्थनापेक्षा ती नोंद आणि मुलांच्या आकृत्या अधिक उपयोगी पडतील. पावसाने अंगणात चिखल असेपर्यंत व्हरांड्यात सागरगोट्या घ्याव्यात, आखणीचे काम दसऱ्यानंतर जमीन वाळली की काढावे. सुतळी मात्र सुती नको, ती ताणली की लांबते; तागाची घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना सहकारी