नागिणीची आग आणि टोरोंटोचं तेल

प्रश्न : माझी पत्नी ६६ वर्षांची. गेल्या दिवाळीत तिला डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड महिन्याभरात सुकले, पण आग गेली नाही. ब्लाउजचा काठ लागला तरी कळवळते. रात्री नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम चालू आहे. हृदयाची झडप कृत्रिम, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनही आहे. मुलगी टोरोंटोला असते. तिथे गांजाच्या झाडातल्या सीबीडी या घटकाचं तेल मिळतं, येताना आणू का म्हणते. द्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. आणि हे मुलीला आजच फोन करून सांगा. मुली विचारतात एका बाटलीचं आणि बॅगेत भरतात चार.

मला खरी धास्ती वॉरफरिनची आहे. यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे वॉरफरिनचा निचरा होतो, त्यालाच सीबीडी अडवतं. मग गोळी तीच, पण रक्त जास्त पातळ. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआर चढतो आणि हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. झडप बदललेल्या बाईवर हा प्रयोग घरच्या घरी करायचा नसतो.

शिवाय कॅनडात २०१८ पासून गांजा खुला असला, तरी तो देशाबाहेर नेणं तिथल्याच कायद्याने गुन्हा आहे. सीबीडी तेलही त्यात आलं, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. इकडे उतरल्यावर आपला अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहेच.

आता दुखण्याचं. वहिनींचं दुखणं नसांचं आहे, आणि गांजाच्या औषधांचा अभ्यास याच जातीच्या दुखण्यावर बराच झालाय. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात १६ चाचण्या आणि १७५० रुग्ण होते. वेदना निम्म्याने किंवा जास्त कमी झाली ती औषध घेणाऱ्या १०० पैकी २१ जणांची. नुसत्या दिखाऊ औषधावर १७ जणांची! त्रास झाला म्हणून औषध सोडणारे मात्र १० विरुद्ध ५. म्हणजे अगदीच थोतांड नाही, पण जाहिरातीतला चमत्कारही नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून तज्ज्ञांना गांजाची औषधं लिहून देता येतात, तरी कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी ती देऊ नका असंच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडे ऑनलाइन ‘विजया’ मिळते ती? ती आयुर्वेदिक परवान्यावर, भांगेच्या पानांपासून केलेली असते आणि वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते. पण पानांतही नशा आणणारं टीएचसी असतं. प्रीगॅबालिनवर ते पडलं की झापड दुप्पट. रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, रक्त पातळ असताना डोकं आपटलं, तर नागीण परवडली म्हणायची वेळ येईल. व्हिडिओ कॉलवर चार मिनिटांत चिठ्ठी देणाऱ्याने वॉरफरिनबद्दल विचारलंच नाही, तर फोन ठेवा. ‘हेम्प सीड ऑइल’ नावाने मिळतं ते निव्वळ बियांचं खाद्यतेल. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणून परवानगी दिली. कोशिंबिरीवर घाला हवं तर, नागिणीला त्याचा उपयोग नाही.

मुळात हातातले उपाय अजून संपलेत कुठे? प्रीगॅबालिनची ७५ मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी, तपासून डॉक्टर ती हळूहळू वाढवू शकतात. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची ५ टक्क्यांची पट्टी दुखऱ्या जागी १२ तास लावायची, १२ तास काढायची. जखम नसलेल्या कातडीवरच. रक्तात फार थोडी उतरते, म्हणून वहिनींसाठी मला हीच आधी सुचते. नसांच्या दुखण्यावर देतात त्या ॲमिट्रिप्टिलिन गोळीचं नाव कुणी काढलं तर झडपेची गोष्ट पुन्हा सांगा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती नको. कपडे मऊ सुती आणि सैल. बरगडीला काही टेकणार नाही असं बघा. एवढं करून दोन महिन्यांत फरक नाही पडला, तर मिरज-कोल्हापूरकडे वेदनातज्ज्ञ शोधा. बरगडीच्या नसेला इंजेक्शन देता येतं, पण त्याआधी वॉरफरिनचं काय करायचं हे हृदयाचे डॉक्टरच ठरवतील.

आणि तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. पन्नाशी ओलांडली असणारच. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर नागिणीचा विषाणू तुमच्याही नसांत झोपलेला आहे. शिंग्रिक्स ही नागिणीवरची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे. तरी मुलगी येताना काय आणू म्हणाली, तर तेलाऐवजी या लसीचे पैसे मागून घ्या.