थायमसची गाठ आणि मिटणाऱ्या पापण्या

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची आहे. संध्याकाळ झाली की तिच्या पापण्या खाली येतात आणि एकाच वस्तूच्या दोन दिसतात. तपासणीत मायस्थेनिया ग्रेव्हिसचे (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचे) निदान झाले आणि सीटी स्कॅनमध्ये छातीत थायमोमा, म्हणजे थायमस ग्रंथीची गाठ, आढळला. या दोहोंचा संबंध काय? हा कर्करोग आहे का? शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बंद होतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे असलेली ग्रंथी. रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी तिच्यात तयार होतात आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच बाद केल्या जातात. थायमोमात ही निवड बिघडते. मग मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचवणाऱ्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) प्रतिपिंडे (अँटिबॉडी) हल्ला करतात; हाच मायस्थेनिया, आणि म्हणूनच दिवसभराच्या वापराने आईच्या पापण्या थकतात. थायमोमाच्या साधारण एकतृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया असतो. उलट बाजूने पाहता मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के रुग्णांतच थायमोमा सापडतो. तरीही हे निदान झालेल्या प्रत्येकाच्या छातीचा स्कॅन झालाच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

थायमोमा बहुधा संथ वाढतो, पण त्याला निरुपद्रवी समजू नये. तो फुप्फुसाच्या आवरणावर पसरू शकतो आणि काही वर्षांनी पुन्हा उद्भवू शकतो. गाठीच्या आवरणासह पूर्ण काढता आला तर मात्र परिणाम चांगले मिळतात. थायमसचा कार्सिनोमा हा याहून वेगळा आणि अधिक आक्रमक आजार आहे.

शस्त्रक्रिया गाठीसाठी आवश्यकच आहे. मायस्थेनिया मात्र तिच्यासोबत लगेच जातो असे नाही. सुधारणेला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात, आणि काहींना गोळ्या पुढेही घ्याव्या लागतात. त्या स्वतःहून मुळीच थांबवू नका. शस्त्रक्रियेपूर्वी मायस्थेनिया आटोक्यात असावा आणि भूलतज्ज्ञांना त्याची पूर्ण कल्पना असावी. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके आणि शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम यांमुळे अशक्तपणा एकाएकी वाढू शकतो, म्हणून साध्या तापासाठीही डॉक्टरांकडे जाताना निदानाचा कागद सोबत न्या. गिळताना ठसका लागू लागला, आवाज अनुनासिक झाला किंवा आडवे झाल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

थायमोमासोबत क्वचित अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होणे थांबते किंवा रक्तातील प्रतिपिंडे घटून वारंवार जंतुसंसर्ग होतो. ही दुसरी अवस्था गुड सिंड्रोम म्हणून ओळखली जाते आणि गाठ काढल्यावरही ती सहसा सुधारत नाही. त्यामुळे आईचे हिमोग्लोबिन आणि इम्युनोग्लोब्युलिनची (प्रतिपिंडांची) पातळी शस्त्रक्रियेपूर्वीच तपासून घ्यावी, असे तुमच्या डॉक्टरांना जरूर सुचवा.