यूआरएलमधला पॅरामीटर काढायचा, वाचायचा की घ्यायचा?

मुलुंडहून संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. ती धाकट्या वर्गासाठी मराठीत टिपणं लिहितेय आणि एका प्रकरणात तिला सांगायचंय, की वेब सर्व्हरवर, म्हणजे वेबपानं पाठवणाऱ्या संगणकावर, यूआरएलमधले (वेबपानाच्या पत्त्यातले) क्वेरी पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हानंतर लिहिलेले तपशील, प्रोग्रॅमच्या हाती कसे येतात. मित्र म्हणतात, 'पॅरामीटर काढायचे' असं लिही, आपण तसंच बोलतो. 'वाचायचे' तिला इंग्रजीची सावली वाटतं. कुणीतरी 'क्वेरी पॅरामीटर'साठी 'पृच्छा-प्राचल' असाही जोडशब्द सुचवलाय. यातलं काय घ्यावं?

वाद बहुतेक वेळा नामावरून होतात, पण इथे पाय अडकतो तो क्रियापदात. म्हणून आधी क्रियापद.

अंधेरीत मी ज्या ठिकाणी काम करत होतो, तिथे एका वरिष्ठाने नव्या मुलाला निरोप लिहिला: 'यूआरएलमधून स्टेशनचा पॅरामीटर काढ.' म्हणायचं होतं, त्याची किंमत (म्हणजे त्यात लिहिलेलं मूल्य, इथे स्टेशनचं नाव) घे आणि त्यावरून वेळापत्रक दाखव. मुलाने संध्याकाळपर्यंत मन लावून काम केलं आणि प्रत्येक दुव्यातून स्टेशनचा पॅरामीटर उडवून टाकला. दुसऱ्या दिवशी बोरिवली दाबा नाहीतर कुर्ला, सगळ्यांना एकच पान दिसत होतं. त्या मुलाला बोल लावता येत नाही. 'यूआरएलमधून काढ' या वाक्याचे दोन्ही अर्थ मराठीत तितकेच सरळ आहेत.

'काढणे' हे आपलं फार राबणारं क्रियापद. प्राकृतातल्या 'कड्ढ'शी त्याचं नातं आहे, तिथे अर्थ ओढणे. आपण विहिरीतून पाणी काढतो, बँकेतून पैसे काढतो, चपला काढतो, कर्ज काढतो, मोर्चा काढतो, कुणाची आठवण काढतो. काही ठिकाणी वस्तू हाती येते, काही ठिकाणी अंगावरून दूर होते. 'भिंतीवरचा फोटो काढ' म्हटल्यावर कॅमेरा उचलायचा की तसबीर उतरवायची, हे समोरच्या माणसाला प्रसंगावरून कळतं. लेखी निरोपात तो प्रसंग नसतो. बोलताना आपण 'काढून घे' आणि 'काढून टाक' असा फरक करतो, आणि मराठीची ही जोड-क्रियापदांची सोय मला फार मोलाची वाटते. लिहिताना तरी ती सोडू नये.

शिवाय 'काढणे' वस्तुस्थितीलाही धरून नाही. विहिरीतून काढलेलं पाणी विहिरीत उरत नाही. पॅरामीटरची किंमत प्रोग्रॅमने घेतली तरी यूआरएल होता तसाच राहतो. दादरच्या तिकीट खिडकीवर आपण म्हणतो, 'ठाणे रिटर्न, दोन.' कुठे, कसं आणि किती, असे तीन तपशील दिले. 'रिटर्न' म्हटलं नाही तर एकेरी तिकीट मिळतं, आणि क्रम उलटा केला तरी बिघडत नाही. हेच यूआरएलमध्ये असं दिसेल: /तिकीट?स्थानक=ठाणे&प्रकार=रिटर्न&संख्या=२. प्रश्नचिन्हाच्या आधी कोणती खिडकी ते, नंतर खिडकीवर काय बोललो ते. फरक एवढाच, की ठाणे हे स्थानक आहे हे खिडकीमागच्या माणसाला ठाऊक असतं. सर्व्हरला नसतं, म्हणून प्रत्येक किमतीआधी तिचं नाव लिहावं लागतं.

आता सर्व्हर काय करतो ते बघा. पहिल्या प्रश्नचिन्हापासून पुढचा मजकूर घेतो, & या चिन्हावर तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा = या चिन्हाशी फोडून नाव व किंमत वेगळी करतो. आपली अक्षरं तर प्रवासात ओळखूही येत नाहीत. 'ठाणे' मधल्या चार चिन्हांचे प्रत्येकी तीन बाइट (संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक) होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं किंवा आकडे असा लिहिला जातो. म्हणजे 'ठाणे' ३६ चिन्हांचं होतं. त्यातून पुन्हा 'ठाणे' लावायचं, याला मराठीत वाचणेच म्हणतात. मोडीतला दस्तऐवज जाणकार वाचतो, तेव्हा कागद जागचा हलत नाही, पण मजकूर आपल्याला मिळतो. फ्लास्क, जँगो, एक्सप्रेस ही वेब प्रोग्रॅम लिहायची साधनं हे वाचन आपल्यासाठी करतात. म्हणून 'वाचणे' ही इंग्रजीची सावली नाही, तो इथला नेमका शब्द आहे. वाचलेलं सगळं अक्षरच असतं, हेही त्यातून कळतं: जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत संख्या=२ वाचून त्यात तशीच १ मिळवली, तर ३ येत नाहीत, २१ येतात.

'वाचणे'ची एक अडचण मात्र आहे. जीव वाचतो, वेळ वाचतो, तसा पॅरामीटरही वाचू शकतो. लॉगिनच्या पानावर पाठवून परत आणल्यावर 'पॅरामीटर वाचला का?' असं कुणी विचारलं, तर सर्व्हरने वाचला का, की वाटेत गळून न पडता शिल्लक राहिला? इथे दुसऱ्या अर्थासाठी 'टिकला' म्हणावं, आणि पहिल्यासाठी कर्ता गाळू नये: 'सर्व्हरने पॅरामीटर वाचला.' वाचून झाल्यावर किंमत चलात (प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवायची, त्याला 'घेणे' पुरेसं आहे.

नामाकडे येते वेळी 'पृच्छा' मला मनापासून आवडतो. प्रश्न आणि पृच्छा एकाच संस्कृत धातूचे, त्यामुळे प्रश्नचिन्हानंतर पृच्छा येणं सुरेखच. 'विचारपूस'मधली 'पूस' त्याच घरातली. उलट नुसता 'क्वेरी' मुंबईच्या कचेऱ्यांत वेगळ्याच अर्थाने रुळलाय. 'बिलावर ऑडिटने क्वेरी काढली' म्हणजे हरकत घेतली. पहिल्या पानावर 'पृच्छा' हा अर्थ सांगून ठेवावा, म्हणजे हा गोंधळ टळतो. 'प्राचल' मात्र इथे नको. गणितात तो रूढ आहे आणि तिथे तो शोभतो: y = mx + c ऐवजी 'य = मक्ष + क' लिहा, त्यातले म आणि क हे प्राचल, एका रेषेपुरते ठरलेले. खिडकीवरच्या 'रिटर्न, दोन'ला तो शब्द लावला, तर गणित शिकलेला विद्यार्थी उगाच समीकरण शोधत बसेल. ओळख करून देताना 'पृच्छेतले तपशील', आणि पुढे सगळीकडे 'क्वेरी पॅरामीटर', असं मी लिहीन.

एक जोडी आवर्जून वापरावी. 'प्रकार=' असं लिहून पुढे काहीच नसेल तर तो पॅरामीटर कोरा; 'प्रकार' हा शब्दच आला नसेल तर पॅरामीटर नाहीच. प्रोग्रॅमला या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, आणि फॉर्ममधली कोरी जागा प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेली आहे.

प्रकरणाचं नाव 'सर्व्हरवर क्वेरी पॅरामीटर वाचणे' ठेवावं. अनेकवचनाला 'पॅरामीटर्स' करायची गरज नाही: एक दगड, दोन दगड, तसे एक पॅरामीटर, दोन पॅरामीटर.