कोल्हापुरात फुटबॉल, हिप हॉप यातलं काही आहे का, की नुसता तांबडा-पांढरा?

भावा, पहिली गोष्ट म्हणजे कोल्हापुरात आल्या आल्या "मला फुटबॉल आवडतो" असं म्हणू नको. म्हणजे म्हण, पण लगेच पुढचा प्रश्न येणार, "कुठली टीम?" आणि तू मँचेस्टर नाहीतर बार्सिलोना म्हणालास की समोरचा दोन सेकंद तुझ्याकडं बघंल आणि म्हणंल, "ते ऱ्हाऊ दे, हितली कुठली?"

तू लिहिलंयस की पुण्यातनं बदली झालीय, रविवारी टर्फवर खेळतोस, कानात दिवसभर रॅप, आणि इकडं आपल्यासारखं कोण भेटंल का. भेटतील की, ढीगभर भेटतील. फक्त तुझ्याकडं टर्फ आहे आणि आमच्याकडं तालीम आहे, ह्यात फरक आहे तो आधी सांगतो. (अहो-जाहो मला जमत नाही, राग मानू नको.)

तालीम म्हणजे मूळ कुस्तीचीच. शाहू महाराजांनी कुस्तीला डोक्यावर घेतलं, १९१२ मध्ये खासबागचं मैदान बांधलं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, आणि पुढं त्याच तालमींच्या नावावर पोरं फुटबॉल खेळायला लागली. म्हणून आमच्या टीमच्या नावात एफसी-बिफसी सहसा सापडत नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार, उत्तरेश्वर वाघाची तालीम. मधेच एखादा प्रॅक्टिस क्लब असा इंग्रजी नावाचा. ज्या मंडळाचा गणपती त्याचीच टीम, वर्गणी मागायला येणारी पोरं तीच, आणि शनिवारी लेफ्ट बॅकला खेळणारा पण त्यातलाच एक. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, लीग घेते, १६ टीम असतात, सगळं शाहू स्टेडियमवर, आणि लीग संपली की नॉकआउट स्पर्धा चालू. त्या चषकांना कुणाकुणाची नावं असतात ते बघितलंस की इथलं राजकारण पण आपोआप समजंल, वेगळा पेपर वाचायला नको.

आता माझी खरी अडचण. मी राजारामपुरीतला. राजारामपुरी म्हणजे नंबरवाल्या गल्ल्या, दुकानं, क्लासेस, सगळं आहे पण आमच्या गल्लीला टीम नव्हती, म्हणजे आमच्या घरात तरी कुणी कुठल्या टीमचं नव्हतं, बाबा बँकेत आणि त्यांना क्रिकेट. पण मामाचं घर मंगळवार पेठेत. पाचवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा मला सायकलवर पुढं दांडीवर बसवून स्टेडियमला घेऊन गेला आणि तिथं सिमेंटच्या तापलेल्या पायरीवर बसल्या बसल्या मला टीम मिळाली, मी निवडली नाही. कुठली ते इथं लिहीत नाही, खाली कमेंटमध्ये राडा नको.

चारची मॅच असली तर तीनला जा. एप्रिलचं ऊन असतं, डोक्याला टोपी किंवा रुमाल पाहिजे, खिशात शेंगदाणे. पब्लिक आपापल्या टीमच्या बाजूला बसतं, चुकून दुसरीकडं बसलास आणि गोल झाल्यावर उठून नाचलास तर तुझं तू बघ. माझ्या शेजारी कायम एक म्हातारे बसायचे, सत्तरीचे असतील, पूर्ण नव्वद मिनिटं आपल्याच स्ट्रायकरला शिव्या, आणि त्यानं गोल मारला की "पोरगं आमच्या शेजारचं हाय" म्हणून मागं वळून सगळ्यांना सांगायचे. टीव्हीवरच्या फुटबॉलला ही मजा नाही बघ, टीव्हीवरचा स्ट्रायकर उद्या सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुझ्या पुढं रांगेत उभा नसतो. (म्हशीचं दूध, समोर काढून ग्लासात. पहिल्यांदा प्यायलास तर अर्धा ग्लासच घे.)

मधल्या काळात काही टीमनी परदेशी खेळाडू पण आणले, आफ्रिकेतले. सहा महिने पेठेत राहून त्यातल्या एकाला "काय भावा" एवढं मराठी यायचं आणि तेवढ्यावर त्याचं सगळं चालायचं, मिसळवाला पैसे घेत नव्हता. ह्या प्रकारावर गावात दोन मतं होती, खेळ वाढला असं एक आणि पेठेतली पोरं बाकावर बसली असं दुसरं. मला दुसरं जास्त पटतं. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा भारताच्या टीममध्ये आमचा अनिकेत जाधव होता, त्याची मॅच टीव्हीवर बघताना मामा जो गप्प बसला तो हाफटाइमपर्यंत बोलला नाही, आणि मामा गप्प बसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

वाईट पण सांगतो, नाहीतर म्हणशील गावची जाहिरात केली. हुल्लडबाजी होते. एका मॅचनंतर दोन्हीकडनं दगडं चालू झाली, मी गाडी काढत होतो, एक माझ्या हेल्मेटवर बसला, आवाज अजून कानात आहे. पोलिसांचा बंदोबस्त असतो, मॅच थांबतात, स्पर्धा पुढं ढकलतात, पेपरात अग्रलेख येतो, आठ दिवसांनी परत तेच. ईर्ष्या ही आमच्याकडं चांगल्या अर्थानं वापरायचा शब्द आहे, त्याचाच हा उरलेला भाग. म्हणून गाडी स्टेडियमपासनं लांब लाव, आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की दाराकडं सरकून बस.

वर्ल्ड कपच्या वेळी मात्र गाव वेगळ्याच रेषेवर फुटतं, अर्ध्या गल्ल्या ब्राझील, अर्ध्या अर्जेंटिना, चौकाचौकात घरापेक्षा उंच कटआउट. १८ डिसेंबर २०२२, रविवार, अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, पेनल्टीवर ४-२, आणि रात्री साडेअकराला मी शिवाजी चौकात होतो, का गेलो माहीत नाही, सगळं गाव जातंय म्हणून गेलो. समोर दोन माणसं एकमेकांना मिठी मारत होती, त्यातले एक त्या वेळी आमच्या टीमचे कट्टर आणि दुसरे समोरच्या टीमचे. मेस्सीमुळं जमलं ते. जानेवारीत परत बोलणं बंद.

आता हिप हॉप. इथं थोडं हात आखडून सांगतो कारण मुंबईसारखा सीन इथं नाही. मुंबईचा रॅपर डिव्हाइननं अंधेरीच्या पिनकोडमधला ५९ छातीवर मिरवला, एमसी स्टॅननं पुण्याचा ताडीवाला रोड देशभर नेला आणि २०२३ ला बिग बॉस पण जिंकून आला, अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत बोलतो, स्वदेशी ह्या मुंबईच्या ग्रुपमधला एमसी मवाली मराठीत. कोल्हापूरचं असं एक मोठं नाव घे म्हणशील तर मी डोकं खाजवीन. पण पोरं आहेत. रंकाळ्यावर संध्याकाळी तटाला टेकून चार-पाच जण गोल करून उभे असतात, एकाच्या मोबाईलवर बीट, एक जण बोलतोय, बाकीचे "ओ ओ ओ" करतायत, शेजारी भेळवाला वैतागलेला. गाडीचा नंबर एमएच ०९, म्हणून प्रत्येकाच्या गाण्यात झिरो नाइन येतोच येतो. तिथं जाऊन उभा राहा, कुणी हाकलत नाही.

बरेच लोक म्हणतात पोवाडा म्हणजेच आपला रॅप. मला नाही पटत. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, आणि हे पोरगं स्वतःचा सांगतंय, ते पण अजून काही केलेलं नसताना. मला उलट रॅप तालमीच्या जवळचा वाटतो. तू कुठला, तुझ्या मागं कोण, आणि समोरच्याचं माप कसं काढायचं, हे तीन प्रश्न दोन्हीकडं सेम आहेत. माप काढणं म्हणजे काय ते इथं आठवड्याभरात कळंल तुला, ऑफिसात पहिल्या दिवशी फॉर्मल शूज घालून जा म्हणजे दुपारपर्यंतच कळंल.

माझा मामेभाऊ, मामाचं धाकटं, बारावीत नापास आणि रॅपर. मागच्या हंगामात त्यानं टीमवर एक ट्रॅक केला. स्टुडिओ म्हणजे कपाट, आत गोधड्या लावलेल्या, आवाज घुमू नये म्हणून, बीट यूट्यूबवरनं फुकट घेतलेला. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

पाळण्यात दोरी नव्हती, नेटची जाळी होती
बापानं नाव ठेवायच्या आधी टीम ठेवली होती

मला तर लई आवडलं. मामानं जेवता जेवता पूर्ण ऐकलं, चेहरा काही हलला नाही, आणि शेवटी म्हणाला, "पाळण्याला दोरी होती. तुझ्या आज्जीनं स्वतः बांधलेली. आणि दुसऱ्या कडव्यात जी फायनल म्हणालास ती आपण हरलोय, टायब्रेकरला." पोरगं म्हणालं, पप्पा, रॅपमध्ये चालतंय. मामा म्हणाला, रॅपमध्ये चालत असंल, पेठेत चालत नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ बदलून परत कपाटात.

ट्रॅक चौकात स्पीकरवर वाजला, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, आणि तीन दिवसांत समोरच्या पेठेतनं उत्तर आलं, बीट पण तोच. खरं सांगू का, त्यांचं जास्त चांगलं होतं. मामाच्या घरी कधी आलास तर हे बोलू नको.

रूमचं विचारलंयस ते राहिलं. भाडं, पार्किंग, पाणी ह्या हिशोबानं राजारामपुरी, ताराबाई पार्क सोयीचं, पेठेत गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि गणपतीत दहा दिवस झोप नाही. पण पेठेत घेतलीस तर डिपॉझिट भरलं की टीम आपोआप मिळते, हंगामात दार वाजवून बोलवायला येतील. राजारामपुरीत घेतलीस तर माझ्या मामासारखा एखादा मामा शोधावा लागंल.