हलवाऱ्याच्या लढतीतले वैमानिक आज कसे शोधावेत?

तुमचे आजोबा १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या हलवारा हवाईतळावर, वायुसेनेच्या सात नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आर्मरर होते, म्हणजे विमानांवर शस्त्रं आणि दारूगोळा चढवणारे. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथून जे लढले त्यांच्यापैकी कुणाला भेटता येईल का, आणि शोधायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. शोधता येतं, पण आजच लागा. तेव्हाचा फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे अगदी कनिष्ठ हुद्द्यावरचा अधिकारी, बावीस-पंचवीस वर्षांचा पोरगा होता, म्हणजे आज त्याने ऐंशी केव्हाच ओलांडली. दिवाळीच्या सुट्टीत बघू, असं अजिबात करू नका.

मी ग्वाल्हेरचा, इथल्या लष्कर नावाच्या भागात राहतो. तुमच्या आजोबांचं सात स्क्वाड्रन आज आमच्याच महाराजपूरच्या तळावर आहे, तेव्हाच्या हंटर लढाऊ विमानांऐवजी मिराज घेऊन. त्यामुळे वायुसेनेतून निवृत्त होऊन इथेच घर केलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ. त्यांच्या आठवणी टिपून ठेवायचा मला नाद आहे, त्यातून जे कळलं ते सांगतो.

फोन फिरवण्याआधी लढत पक्की करा. पाकिस्तानातल्या सरगोधा तळावरून त्यांची तीन सेबर लढाऊ विमानं आली, वैमानिक होते स्क्वाड्रन लीडर रफीकी, सेसिल चौधरी आणि युनूस हुसेन. आपल्याकडून सातचे पिंगळे आणि गांधी, सत्तावीस स्क्वाड्रनचे राठोड आणि नेब. पिंगळे आणि गांधी यांची हंटर पडली, दोघंही पॅराशूटने उतरून वाचले. रफीकी आणि युनूस मारले गेले. चौधरी परत पोचले, ते २०१२ साली वारले. पिंगळ्यांचं नाव वाचून आपल्याला अभिमान वाटणारच, आणि वाटावाच: विमानातून उडी मारावी लागल्यावर दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्यांनी एक सेबर पाडलं. त्यांना वीरचक्र मिळालं. मात्र कुणाच्या गोळीने कोण पडलं यावर दोन्हीकडचे दावे आजही जुळत नाहीत. म्हणून थकलेल्या माणसासमोर बसून 'ते विमान तुम्हीच पाडलंत ना?' असं विचारू नये.

नावाने शोधायला गेलात तर अडकाल. जुन्या कागदांत नुसती आद्याक्षरं असतात आणि हुद्दा त्या वेळचा असतो. फ्लाइंग ऑफिसर गांधी पुढे एअर मार्शल झाले. निवृत्तांच्या यादीत 'फ्लाइंग ऑफिसर' शोधून ते कसे सापडतील? अधिकाऱ्याचा सर्व्हिस नंबर मात्र हुद्दा वाढला तरी बदलत नाही. वीरचक्राची घोषणा भारताच्या राजपत्रात छापलेली असते, तिथे तो मिळतो. मग त्यांचा कोर्स, म्हणजे प्रशिक्षणाची तुकडी, शोधा. वैमानिक एकमेकांना कोर्सवरून ओळखतात, आणि कोर्समेट निवृत्तीनंतरही एकमेकांची खबर ठेवतात. एक कोर्समेट सापडला की कोण कुठे आहे, कोण गेलं, हे एका फोनवर कळतं. एअर फोर्स असोसिएशनच्या तुमच्या राज्यातल्या शाखेला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही लिहा. ते पत्ता देणार नाहीत, देऊही नये, पण तुमचं पत्र पुढे पोचवण्याची विनंती जरूर करा.

तुमच्याकडे खरा धागा आहे तो ग्राउंड क्रूचा, आणि तोच लोक सोडून देतात. हंटरच्या पोटात तीस मिलिमीटरच्या चार ॲडन तोफा गोळ्यांसकट एकाच पेटीत असायच्या. रिकामी पेटी खाली उतरवायची, भरलेली वर चढवायची, नळ्या विमानातच राहायच्या. आमच्या जनकगंजातल्या एका निवृत्त सार्जंटकाकांनी मला हे स्वयंपाकघरातलं स्टूल उलटं करून दाखवलं, दोन्ही हात त्याखाली घालून, मान तिरपी करून, जणू वर खरंच विमान आहे. दाखवता दाखवता त्यांना आपल्या वैमानिकाचं नाव आठवलं, आणि पत्ता निघाला दिवाळीची कार्डं पाठवायच्या जुन्या वहीतून. तुमच्या आजोबांची अशी वही, डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक), मागे नावं लिहिलेले ग्रुप फोटो, सगळं घरात शोधा. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर दिल्लीत सुब्रतो पार्कला एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथे वारस म्हणून अर्ज करा.

पत्ता मिळाला तरी आधी पत्रच लिहा. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बॉयरा इथे झालेल्या हवाई लढतीत आपल्या नॅट लढाऊ विमानांनी जी सेबर पाडली, त्यांतल्या एकाचे वैमानिक परवेझ मेहदी कुरेशी आपल्या हाती कैद झाले होते. १९९७ साली ते पाकिस्तानी वायुसेनेचे प्रमुख झाले, तेव्हा त्या लढतीतले आपले डोनाल्ड लाझरस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं. समोरासमोर लढलेल्यांत पत्र चालतं, तर आपल्याच आर्मररच्या नातवाला नाही म्हणणारं कोण आहे?

भेट ठरली तर सकाळची वेळ मागा, मुलाला किंवा सुनेला आधी विचारा, आणि जेटच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसाशी मोठ्याने, सावकाश बोला. लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदीची वही, दाखवाल का, असं विचारा. त्यात युद्धातल्या उड्डाणालाही एकच ओळ असते: तारीख, विमानाचा नंबर, किती मिनिटं. त्या ओळीवर बोट ठेवून 'त्या दिवशी विमान कुणी तयार केलं होतं, सर?' एवढंच विचारायचं आणि थांबायचं. रेकॉर्डिंग परवानगीनेच.

पत्राच्या पहिल्याच ओळीत आजोबांचं नाव, ट्रेड (म्हणजे काम, इथे आर्मरर) आणि सर्व्हिस नंबर घाला. मसुदा केलात की मला पाठवा, मी बघून देईन. पत्ते आणि फोन नंबर मात्र इथे उघड्यावर कुणाचेच टाकू नका.