मराठी का बंद झाली?

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. मुलीला सोळावं सरलं. तिने केस बारीक कापले, कानातलं काढून ठेवलं आणि वर्षभर म्हणतेय, "मला मुलगी म्हणू नका. मुलगा आहे असंही मी अजून म्हणत नाही." डिसेंबरात पुतण्याचं लग्न पुण्यात आहे आणि सासूबाईंनी नातीसाठी पैठणी घेऊन ठेवलीय. पैठणीचं काय, शाळेत नाव बदलू द्यावं का, पुण्यात "ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं का", सासूबाईंना काय सांगायचं, असे प्रश्न आहेत. आणि अगदी शेवटी, ता. क. म्हणून: "हल्ली ती मराठी बोलतच नाही. आजीचा फोन आला की खोलीत निघून जाते. फार वाईट वाटतं."

अहो, तुमचं खरं पत्र या ता. क.पासून सुरू होतं.

इंग्रजीत दिवसभर स्वतःबद्दल बोललं तरी क्रियापद काही विचारत नाही. मराठीत 'मी आले' की 'मी आलो', हे तोंड उघडताच ठरवावं लागतं. जे लेकरू मनातल्या मनात अजून तेच शोधतंय, त्याला आजीच्या "जेवलीस का गं?"ला उत्तर देणंसुद्धा जड जातं. मग ते गप्प बसतं.

मलाही हे उशिरा कळलं. टोरंटोच्या माझ्या भावाचं लेकरू सुट्टीत पुण्याला आलं, की घुम्यासारखं बसायचं. मीही एकोणीस वर्षं परदेशात काढलेली. मला वाटलं, याला आपल्या भाषेची लाज वाटते, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. रडवेलं होऊन ते म्हणालं, "आत्या, मराठीत खोटं बोलल्याशिवाय मला वाक्यच करता येत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. आपल्या भाषेत वाटा किती आहेत! 'मी येईन', 'मी येणार आहे', 'मला जायचंय', 'मला भूक लागलीय', 'मी पोहे खाल्ले' यांत बोलणारा कोण ते कळत नाही. 'म्हणालो-म्हणाले'च्या जागी 'मी म्हटलं' चालतं. 'आम्ही आलो' सगळ्यांचंच. आणि माझी कोल्हापूरची मावशी, नऊवारीतली, चार लेकरांची आई, जन्मभर 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलली. तिकडे बायका बोलतातच तसं. वहीचं ते पान लेकराने फोटो काढून नेलं.

आईला सांगताना माझेच हात थरथरत होते. ती ब्याऐंशीची, शनिवार पेठेत आयुष्य गेलेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी हाक कशी मारू?" उत्तर आलं, "नेहमीसारखीच. लेकरा म्हणून." खरंच, पाळण्यापासून ती "माझं लेकरू जेवलं का" असंच विचारत होती! तुमच्या लेकराला मात्र हे आवडेलच असं नाही. कुणाला 'तो आला' हवं असतं, कुणाला काहीच बदलायला नको असतं. विचारा, आणि सहा महिन्यांनी उत्तर बदललं तर "बघ, मी म्हटलंच होतं" असं म्हणू नका.

"सासूबाईंना झेपणार नाही," असं तुम्ही लिहिता. रागवू नका, पण आपण निघालो तेव्हाचं पुणे आपण परदेशात तसंच जपून ठेवतो. इथे 2011 साली समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांची पहिली प्राइड पदयात्रा निघाली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. माझ्या आईने ते पेपरात वाचलेलं होतं. तिला नवं होतं ते एवढंच, की हे आपल्या घरातही आहे.

ओळखीच्या डॉक्टरांचा विचार सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हे मानसिक आजारांमध्ये नाही. कुणाची ओळख 'सुधारून' देणारे उपचार भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलेत. झोप उडाली, जेवण सुटलं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर एक दिवसही न थांबता तिथलाच समुपदेशक गाठा. पैठणीऐवजी कुर्ता चालेल. शाळेतल्या नावाचं लेकराच्या मनाने होऊ द्या.

आजीला कोण सांगणार, तुम्ही की ते स्वतः, हेही आधी त्यालाच विचारा. तुमच्यावर आलं तर लग्नघरात सांगू नका. ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी, सासूबाईंचं जेवण उरकल्यावर फोन करा, आणि त्या खोलीत एकट्या आहेत ना, तेवढं विचारून घ्या.