डी आन्झाला जाऊ द्या, पण घड्याळ लावून

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आहोत. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्ड रांगेत. मुलाला डिसेंबरात अठरा पूर्ण झाली. त्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. युसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एकाही कॅम्पसनं घेतलं नाही, सॅन होजे स्टेट विद्यापीठाला आम्ही अर्जच केला नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, स्कॉलरशिप वजा जाता सगळं मिळून वर्षाला ६२ हजार डॉलर. मुलगा म्हणतो, डी आन्झा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातो आणि दोन वर्षांनी विद्यापीठात ट्रान्सफर घेतो. त्याचे बाबा ऐकायलाच तयार नाहीत. "आपण दोघं पुण्यात इंजिनिअर झालो आणि हा कम्युनिटी कॉलेजला? तिथं नर्सिंग आणि गाड्या दुरुस्त करायला शिकवतात." पाडव्याच्या कार्यक्रमात लोक विचारत होते, मी विषय बदलला. १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचंय. काय करू? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

पाडव्याला तुम्ही विषय बदललात, तसा या गावात एप्रिल महिन्यात निम्म्या घरांत बदलला जातो. तेव्हा ते मनातून काढून टाका.

आधी तुमच्या यजमानांसाठी. पुण्यात त्यांच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला अचानक आलेली काही मुलं असतील. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. पहिल्या सेमिस्टरला गणितात जरा अडखळली असतील, पण ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये त्यांनीच बाकीच्यांना तारलं असेल. शेवटी डिग्रीच्या कागदावर 'हा डिप्लोमावाला' असं कुणी छापलं होतं का? कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर घेणं हे जवळपास तेच आहे, फक्त इथं मुलं थेट तिसऱ्या वर्षाला जातात. आणि युसीची पदवी मिळते तेव्हा ती युसीचीच असते, त्यावर डी आन्झाचं नाव नसतं.

हा मागचा दरवाजाही नाही. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच हिशोब मांडला होता : राज्यातल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युसी, वरच्या एक तृतीयांशांसाठी स्टेट विद्यापीठं (सॅन होजे स्टेट त्यातलंच), आणि बाकी कुणालाही दार उघडं असलेली कम्युनिटी कॉलेजं, जिथून पुढं वर चढायची वाट आधीच बांधलेली. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. दर दोन फ्रेशमनमागे, म्हणजे थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांमागे, एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, असं युसीचं धोरण आहे. तुमच्या मुलाला यंदा युसीनं नाकारलं ते बारावीच्या वयातल्या मुलांच्या गर्दीत. दोन वर्षांनी तो वेगळ्या रांगेत उभा राहील, आणि त्या रांगेत हायस्कूलचे किंवा एसएटी प्रवेशपरीक्षेचे मार्क कुणी बघत नाही. पाटी कोरी.

गाड्या दुरुस्त करायला शिकवतात हे मात्र खरं आहे. डी आन्झाचा ऑटो टेक विभाग नावाजलेला आहे आणि तिथून बाहेर पडणाऱ्याला काम शोधत फिरावं लागत नाही. फूटहिल या कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीनमध्ये चक्क बॅचलर्स पदवी मिळते. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांचं नर्सिंग करणारी मुलगी आणि चार वर्षांची पदवी घेणारी मुलगी आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्स होण्यासाठी एकच परवाना-परीक्षा देतात, हे किती जणांना माहीत असतं? त्या नर्सिंगच्या जागांसाठी इतकी झुंबड असते की आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं लाजतील. नाक मुरडायच्या आधी हॉस्पिटलात आपल्याला सलाइन कोण लावतं ते आठवावं. असो. तुमच्या मुलाला ट्रान्सफर हवंय, तिकडे वळते.

पैशांचं सरळ गणित करू. डी आन्झा क्वार्टर पद्धतीनं, म्हणजे साधारण तीन-तीन महिन्यांच्या सत्रांत चालतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटचे ३१ डॉलर. ट्रान्सफरसाठी ९० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७९० डॉलर. पुस्तकं, पार्किंग, किरकोळ शुल्क धरून पाच-सहा हजारांत दोन वर्षं निघतात, कारण राहणं-जेवण घरीच. खाजगीत तेवढ्याच काळात सव्वा लाख. एच-फोरवरची मुलंही अटी पूर्ण करत असतील तर राज्याची रहिवासी धरली जातात आणि तुमची नऊ वर्षं पुरेशी आहेत. फक्त फॅफ्सा या अर्जावर मिळणारी केंद्र सरकारची मदत त्याला मिळणार नाही, त्यामुळे त्या आशेवर काही ठरवू नका.

आता तो मुद्दा, जो तुम्ही पत्रात ओझरता लिहिलात आणि मला सगळ्यात मोठा वाटतो : एकविसावा वाढदिवस.

मुलगा दोन वर्षांत डी आन्झातून बाहेर पडला तर विद्यापीठात पाऊल ठेवताना पावणेएकवीस वर्षांचा असेल. पहिल्याच टर्मच्या डिसेंबरात एकवीस पूर्ण. तोवर ग्रीन कार्डची तारीख आली नाही तर एच-फोर संपतो आणि त्याला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. २००२ चा एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस तो मुलाच्या वयातून वजा करतो. पण भारतीयांच्या रांगेत तेवढ्यानं भागेलच असं नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा फी देऊन हा हिशोब कागदावर करून घ्या. हे काम शेजारच्या काकांना विचारून करू नका, त्यांची केस वेगळी असते.

एफ-वन झाल्यावर सरकारी विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्याची फी लागू शकते. युसीत नेहमीच्या सुमारे पंधरा हजारांवर आणखी सदतीस हजारांहून जास्त. राहणं-खाणं धरून वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात. खाजगी विद्यापीठाची फी मात्र व्हिसा बदलला तरी तीच राहते, आणि हा खाजगीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. यजमानांनी तो मांडला असता तर मी मान डोलावली असती. पण मग आकडेमोड पूर्ण करा. अगदी वाईट झालं तरी डी आन्झाची दोन वर्षं अधिक युसीची परकी फी भरून दोन वर्षं, हे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास जातं. खाजगीची चार वर्षं दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे वाईटातलं वाईट झालं तरी तुमच्या मुलाचं गणित जिंकतं. शिवाय सॅन होजे स्टेट आहे. तिथली परक्यांची जादा फी युसीच्या निम्म्याहून कमी, आणि मुलगा घरून जाईल. तिथं यंदा अर्ज केला नाहीत हे वाचून मला हळहळ वाटली, पण ट्रान्सफरच्या वेळी ती चूक सुधारता येते.

आता मुलासाठी. त्याला हे वाचायला द्या.

देशभरात कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे साधारण सहातले एक. यात नोकरी करणारे, मुलंबाळं सांभाळणारे, पदवी हवीच नसलेले असे पुष्कळ आहेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांचं सांगते : रखडलेली मुलं कमी हुशार नव्हती. मित्रानं घेतला म्हणून एक वर्ग, सकाळी उठायला नको म्हणून दुसरा, कॅल्क्युलसचा वर्ग भरून गेला म्हणून तो पुढच्या क्वार्टरला. कॅल्क्युलस मागे पडला की फिजिक्स मागे पडतं, कारण एक दुसऱ्याची अट असते. मग दोनाची तीन वर्षं होतात, चौथंही लागतं. कॉलेज कुणाला हाकलत नाही आणि कुणाला हाकतही नाही. तुझ्यासाठी एक फुकट गेलेलं वर्ष म्हणजे एकवीस पूर्ण झाल्यावर अजून डी आन्झातच असणं.

'दोन वर्षांनी ट्रान्सफर' हे बोलायला ठीक आहे. युसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो, म्हणजे दुसरं वर्ष सुरू होतं न होतं तोच. त्या वेळी तुझ्या हातात फक्त पहिल्या वर्षाचे ग्रेड असतील. 'पहिलं वर्ष सेटल व्हायला' ही चैन फ्रेशमनला परवडते, तुला नाही.

असिस्ट नावाची एक सरकारी वेबसाइट आहे. डी आन्झा निवड, मग युसीचा कॅम्पस, मग मेकॅनिकल. तिथला कोणता वर्ग इथल्या कोणत्या वर्गानं भागतो याची यादी समोर येते. चार कॅम्पसच्या याद्या छापून घे आणि चारही याद्यांत असलेले वर्ग आधी घे : कॅल्क्युलसची मालिका, फिजिक्सची मालिका, डिफरन्शियल इक्वेशन्स. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा, सॅन्टा क्रूझ या सहा ठिकाणी टॅग म्हणजे हमीचा प्रवेश मिळू शकतो, पण एकाच कॅम्पसचा अर्ज करता येतो, तो सप्टेंबरमध्येच पाठवायचा, आणि काही गर्दीच्या विषयांना तो लागूच नसतो. इंजिनिअरिंगसाठी त्या-त्या कॅम्पसची अट त्या वर्षीची वाचायची, मागच्या वर्षीची नाही. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. तिथं सरळ स्पर्धा. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक डी आन्झात शिकून मग बर्कलीला गेला होता, हे आजोबांना फोनवर सांगायला उपयोगी पडेल. तुला नाही पडणार.

अजून एक, थोडं कटू. डी आन्झात हॉस्टेलवाली कॉलेज लाइफ नाही. वर्ग संपला की सगळे पार्किंगकडे. ओळखी करायच्या तर आपणहून कराव्या लागतात : स्टडी ग्रुप, प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स. ट्रान्सफरनंतर प्रोजेक्टसाठी टीम शोधताना ही सवय लागते. आणि एच-फोरवर असेपर्यंत पगारी नोकरी किंवा पगारी इंटर्नशिप करता येत नाही, त्यामुळे उन्हाळा रिकामा पडेल. तो वर्ग घेऊन भर.

ताई, यजमानांना घेऊन एखाद्या दुपारी क्युपर्टिनोला जा. घरापासून फार लांब नाही. लायब्ररीत बसलेली मुलं त्यांना बघू द्या, मग ट्रान्सफर सेंटरमध्ये काउन्सेलरची वेळ घ्या. काउन्सेलरला दोनच प्रश्न विचारा : मेकॅनिकलचं क्वार्टरवार वेळापत्रक दोन वर्षांत बसतं का, आणि एपी (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजपातळीच्या) कॅल्क्युलसचा स्कोअर चांगला आला तर कुठून सुरुवात करायची. उत्तर लेखी घ्या. वकिलाचं आणि काउन्सेलरचं, ही दोन्ही उत्तरं १ मेच्या आत आली तर खाजगी विद्यापीठाचं डिपॉझिट भरायची गरज पडेल असं मला वाटत नाही. वकिलाची तारीख त्याआधी मिळाली नाही, तर डिपॉझिट बुडीत धरून भरा आणि मग शांतपणे ठरवा. त्या रकमेकडे विमा म्हणून बघा.

मुलानं डी आन्झाचा अर्ज आजच भरला तरी चालेल, त्याला पैसे लागत नाहीत. उन्हाळी सत्र जूनअखेर सुरू होतं आणि इंग्रजी लेखनाचा वर्ग त्यातच उरकला तर सप्टेंबरपासून गणित-फिजिक्सला जागा मोकळी राहते. ते वर्ग लवकर भरतात.